कॉम्प्युटर दुसऱ्याला देण्याआधी : डी ड्राइव्हसकट नीट कसा पुसायचा

दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी वापरलेला कॉम्प्युटर घेतला, ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून, मॉनिटरसकट. दुकानदार म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून दिलाय, एकदम क्लीन." ऐरोलीला घरी आणून जोडला. विंडोज झटकन सुरू झालं, डेस्कटॉप कोरा करकरीत. थोड्या वेळाने भाचीने आतून हाक मारली, "मावशी, ह्यात कुणाचं तरी सामान आहे."

डी ड्राइव्ह गच्च भरलेला होता. 'आईचे रिपोर्ट', 'गणपती २०१६', 'पासबुक स्कॅन', 'फ्लॅटचे पेपर', 'सोसायटी मेंबर लिस्ट'. आम्ही एकही फोल्डर उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती, नावंच पुरेशी बोलत होती. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "डिलीट मारून टाका ना." आधीच्या मालकाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्या अनोळखी घराचं ते सगळं मी पुढे सांगणार आहे त्या पद्धतीने पुसलं. तेव्हापासून कुणी जुना कॉम्प्युटर द्यायचा म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो : डी ड्राइव्हचं काय केलंत?

ह्या गडबडीचं मूळ आपल्याच एका चांगल्या सवयीत आहे. आपल्याकडे असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. विंडोज सी मध्ये आणि आपल्या फायली डी मध्ये. विंडोज बिघडलं की दुकानदार सी 'फॉरमॅट मारतो', नवं विंडोज टाकतो आणि डी मधले फोटो सुखरूप राहतात. ह्या रचनेने कितीतरी घरांचे फोटो वाचले आहेत. पण त्यामुळे 'फॉरमॅट मारला' ह्याचा अर्थ आपल्या बोलीत 'सी नवा केला' एवढाच उरला. मशीन घरात राहणार असेल तर तेवढं पुरतं. घराबाहेर जाणार असेल तर अजिबात पुरत नाही.

डिलीट म्हणजे पुसणं नव्हे

सोसायटीच्या लॉबीतल्या नामफलकावरून ५०२ नंबरचं नाव काढलं म्हणून ५०२ मधलं सामान हलत नाही. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की नेमकं तेच होतं. यादीतली नोंद जाते आणि ती जागा 'मोकळी' म्हणून धरली जाते, पण मजकूर जागच्या जागी असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फुकट मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामनेही तो परत काढता येतो. रिसायकल बिन रिकामी केली तरी हेच, 'क्विक फॉरमॅट' केला तरी हेच.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं विचारणाऱ्यांनी डाउनलोड्स फोल्डर एकदा डोळ्यांखालून घालावा. ई-आधारची पीडीएफ असतेच. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. फाइलच्या शेजारी तुमचा बायोडेटा पडलेला असेल तर ते कुलूप कसलं? सोबत पॅन कार्ड, बँकेची स्टेटमेंट, भाडेकरार, मुलांचे दाखले. आणि आपल्या भरवशावर आपल्याकडे दिलेले दुसऱ्यांचे कागद असतात, त्यांची काळजी तर जास्तच.

आधी ठरवा, मशीन जाणार कुठे

कॉम्प्युटर घरातच राहणार आणि फक्त संथ झाला म्हणून रीसेट करायचा, तर बॅकअप आणि साधा रीसेट एवढंच काम आहे. ओळखीच्या घरी किंवा अनोळखी माणसाकडे जाणार असेल तर पूर्ण पुसणं. मी ह्या दोघांत फरक करत नाही, कारण नातेवाईकाकडे गेलेला कॉम्प्युटर चार वर्षांनी तिथून कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. मशीन सुरूच होत नसेल आणि भंगारात द्यायचं असेल, तर आधी डिस्क बाहेर काढायची. त्याबद्दल शेवटी सांगते.

सध्या हा प्रश्न घरोघरी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चांगली चालणारी मशीनही लोक काढून टाकत आहेत. असं मशीन कुणाला देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा : सुरक्षा अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही फुकट मिळणारी सिस्टम टाकून दिली तर शिकणाऱ्या मुलाला ते मशीन पुढची काही वर्षं आरामात पुरेल.

बॅकअप : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पुसायला दोन क्लिक लागतात. पश्चात्ताप नको असेल तर त्याआधीची एक संध्याकाळ बॅकअपसाठी काढा. शेजारचे काका आपला जुना डेस्कटॉप गावच्या वाचनालयाला देणार होते. त्यांना विचारलं, "काका, डी मध्ये काय आहे?" ते म्हणाले, "काही नाही गं, जुने फोटो." पाहिलं तर १८० जीबी.

बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्हवर काम भागत असेल तर एक अडचण आधीच सांगते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, मग त्यात कितीही जागा रिकामी असो. लग्नाचा व्हिडिओ इथेच अडकतो आणि 'जागा नाही' असं वाटून माणूस तो तसाच सोडून देतो. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग जाईल.

काय काय उचलायचं? सी मध्ये 'युजर्स' फोल्डरात तुमच्या नावाचा फोल्डर असतो. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज असे सगळे घ्या. घरात दोघा-तिघांची वेगळी लॉगिन असतील तर प्रत्येकाचा फोल्डर घ्या. मग डी आणि ई पूर्ण. आउटलुकमध्ये मेल येत असेल तर डॉक्युमेंट्समधला 'आउटलुक फाइल्स' फोल्डर पाहा. कधीकाळी आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेतला असेल तर तोही आत दडलेला असतो.

वनड्राइव्हमध्ये फायलींच्या शेजारी ढगाचं चिन्ह दिसत असेल तर त्या फायली ह्या मशीनवर नाहीत, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहेत. त्या हरवणार नाहीत, पण पासवर्ड आठवतोय ना, हे मोबाइलवरून लॉगिन करून पाहून ठेवा. आणि एक चूक मी फार लोकांना करताना पाहिली आहे. मशीन द्यायचं म्हणून माणूस बसून एकेक फोल्डर हाताने डिलीट करतो. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह मागे सुरूच असतं, ते इमानदारीने त्याच फायली वरूनही काढून टाकतं. म्हणून हाताने काहीही डिलीट करण्याआधी त्या प्रोग्राममध्ये जाऊन 'अनलिंक धिस पीसी' करा किंवा साइन आउट करा.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या बघा, कॉपीचीही बघा, दोन्ही जुळायला हव्यात. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दहा-बारा फायली खरोखर उघडा : एक जुना फोटो, एक व्हिडिओ मधूनच, एक वर्डची फाइल. काकांच्या बॅकअपमध्ये ३७ फोटो कमी निघाले. फाइलची नावं इतकी लांब होती की कॉपी मधेच थांबली होती आणि 'स्किप' दाबलं गेलं होतं. ते ३७ फोटो त्यांच्या मुंजीच्या अल्बमचे स्कॅन होते.

मराठी फाँट विसरू नका

हा भाग इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडणार नाही, आणि मराठी घरात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी मराठी अक्षरं, रुळण्याआधी आपण मराठी कशात टाइप करायचो? श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख, योगेश. त्या फायलींत खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत वेगळ्याच खुणा असतात आणि फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट गेला की तीच फाइल इंग्रजी अक्षरांची, टोप्या-ठिपक्यांची खिचडी दिसते. फाँट बसतात विंडोजच्या फोल्डरात, आणि रीसेट तो फोल्डर नवाच बनवतो. 'माझ्या फायली ठेव' असं सांगून रीसेट केलात तरी फायली राहतात आणि फाँट जातात.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आमच्या गावाच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या, सव्वाशे पानं. त्यांचं मशीन मीच रीसेट केलं, बॅकअपही नीट घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल उघडली आणि पहिल्या पानावर आजोबांच्या नावाच्या जागी उलटे स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली अक्षरं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून बसून राहिले. फाँट पुढे एका जुन्या सीडीवर सापडला म्हणून बरं. त्या दिवसापासून रीसेटआधीच्या माझ्या यादीत फाँट पहिल्या नंबरवर आहेत.

करायचं ते एवढंच. सी ड्राइव्ह, त्यात 'विंडोज', त्यात 'फाँट्स' हा फोल्डर उघडा आणि मराठी टाइपिंगचे जेवढे फाँट दिसतील तेवढे कॉपी करून बॅकअपच्या डिस्कवर ठेवा. त्याहून पक्कं काम म्हणजे, फाँट अजून मशीनवर आहेत तोवर महत्त्वाची जुनी फाइल उघडून 'प्रिंट'मध्ये जा आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूप फाइलबरोबरच साठवलं जातं, मग ती मोबाइलवरही नीट वाचता येते. श्रीलिपीसोबत यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी लायसन्सची किल्ली) आला असेल तर तो मशीनला अडकवलेलाच देऊन टाकू नका.

पासवर्ड, लायसन्स आणि बाकीची आवराआवर

क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड गुगल खात्यात सिंक होतात का, हे मोबाइलवरच्या क्रोममध्ये बघा. तिथे दिसत असतील तर निर्धास्त राहा. ते फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोयही आहे, पण ती फाइल उघड्या अक्षरांत असते, कुणीही वाचावी अशी. मी ती वापरत नाही आणि वापरा असं सांगणारही नाही. कुठल्या साइटला पासवर्डऐवजी वापरायची पासकी ह्याच कॉम्प्युटरवर ठेवली असेल तर त्या साइटवर शिरायची दुसरी वाट आधी तयार ठेवा.

हिशोबाचं टॅली असेल तर त्यातूनच कंपनीच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि लायसन्स 'सरेंडर' करा, नंतर नव्या मशीनवर चालू करा. हे मशीन पुसल्यावर आठवून उपयोग नाही. डिजिटल सिग्नेचरचं सर्टिफिकेट पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असतं, त्याला रीसेटने धक्का लागत नाही. फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. विकत घेतलेलं ऑफिस कुठल्या ईमेलशी जोडलंय ते लिहून ठेवा.

विंडोजच्या लायसन्सची भीती नको. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स मशीनच्या मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, रीसेटनंतर इंटरनेट मिळालं की आपोआप चालू होतं. आधीपासून खरं लायसन्स असेल तरच, हे वेगळं सांगायला नको. 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' शोधून आताची स्थिती बघून घ्या.

बिटलॉकरकडे मात्र लक्ष द्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कूटबद्ध करणारं कुलूप मालकाला न कळताच लागलेलं असतं. रीसेट मधेच अडकला आणि मशीन रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर गेलं, तर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या डिव्हाइसच्या माहितीत असते. ती आधीच कागदावर उतरवा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचून ताडून बघा.

मग मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून हा कॉम्प्युटर काढा. गुगल खात्याच्या 'युअर डिव्हाइसेस'मधूनही काढा.

रीसेटचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा, आणि जमलं तर कोरड्या दिवशी. जूनच्या वादळी पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल ह्याचा नेम नसतो. घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, रीसेटला मात्र काही तास लागतात, त्यामुळे यूपीएस आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा. वीज मधेच गेली तर बहुतेक वेळा विंडोज सावरतं, पण सावरलं नाही तर काय? म्हणून मी कमीत कमी ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने आधीच तयार ठेवते. मशीन अडलं तर त्यावरून विंडोज नव्याने टाकता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं : बॅकअपची डिस्क काढून ठेवा. टेबलावर नव्हे, दुसऱ्या खोलीत. पुढे 'सगळे ड्राइव्ह' पुसायला सांगणार आहोत, तेव्हा बॅकअप जोडलेला असता कामा नये.

मग क्रमाने, पण त्याआधी खालचा 'हार्ड डिस्क वेगळी, एसएसडी वेगळी' हा भाग वाचून घ्या :

१. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'रिकव्हरी' असं जाऊन 'रीसेट पीसी' दाबा. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज', 'अपडेट अँड सिक्युरिटी', 'रिकव्हरी' आणि 'रीसेट धिस पीसी'खालचं 'गेट स्टार्टेड'.

२. दोन पर्याय येतील. 'कीप माय फाइल्स' मशीन स्वतःसाठी ठेवणाऱ्यांना. त्यात फायली राहतात, टाकलेले प्रोग्राम आणि सेटिंग जातात. मशीन द्यायचं असेल तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग'.

३. 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल'? विंडोज बिघडलेलं असेल तर क्लाउड चांगलं, कारण ते ताजी प्रत उतरवून घेतं. पण त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. घरी वायफाय नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर दिवसाचा कोटा मधेच संपेल. अशा वेळी लोकल निवडा.

४. इथे घाई करू नका. पुढच्या पडद्यावर 'चेंज सेटिंग्ज' अशी बारीक ओळ असते. बहुतेक लोक ती न पाहताच 'नेक्स्ट' दाबतात आणि त्यांचा डी ड्राइव्ह जसाच्या तसा परक्या घरी जातो. ती ओळ दाबा. आत 'क्लीन डेटा' असेल, ते 'येस' करा. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्हमधलं पुसायचं का, असंही विचारलं जाईल. तेही 'येस'.

५. 'कन्फर्म', 'नेक्स्ट', 'रीसेट'. मशीन दोन-तीनदा बंद-चालू होईल. आकडा एखाद्या टक्क्यावर अर्धा-पाऊण तास हलणार नाही. पॉवरचं बटण दाबायचा मोह होतो, दाबू नका. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

६. शेवटी देश आणि भाषा विचारणारा पडदा येईल. मशीन द्यायचं असेल तर इथेच थांबा, काहीही न भरता पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. नवा मालक स्वतःच्या नावाने सुरुवात करेल. तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर जाऊन 'डिव्हाइसेस'मधून हे मशीन काढून टाका.

मॅक वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा किंवा टी२ चिपचा मॅक असेल आणि त्यावर माँटेरे किंवा पुढची आवृत्ती असेल, तर 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' पुरतं. 'फाइंड माय' बंद झालंय ना, एवढं बघा. नाहीतर नवा मालक अ‍ॅक्टिव्हेशन लॉकवर अडकेल आणि तुम्हाला रात्री फोन येईल.

हार्ड डिस्क वेगळी, एसएसडी वेगळी

आपल्या मशीनमध्ये काय आहे हे रीसेटच्या आधीच पाहून ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क) की एसएसडी (चकत्यांऐवजी चिप असलेली डिस्क) ते लिहिलेलं असतं. अनेक जुन्या मशीनना नंतर एसएसडी बसवलेली असते, तेव्हा दोन्ही दिसतात : सी एसएसडीवर, डी जुन्या हार्ड डिस्कवर.

फिरत्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्णपणे शून्यं लिहिली की घरगुती कामासाठी झालं. सात वेळा, पस्तीस वेळा लिहा असे जुने सल्ले फिरत असतात, आजच्या डिस्कना त्याची गरज नाही. आणि ह्यासाठी वेगळा प्रोग्रामही नको. मशीन चालू असताना डी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'फॉरमॅट' निवडा आणि 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून असा पूर्ण फॉरमॅट सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहितो. रीसेटमधल्या 'क्लीन डेटा'वर विसंबण्यापेक्षा मी डी चा हा फॉरमॅट आधी हाताने करते, मग रीसेट. क्लीन डेटा घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा उद्योगांच्या मानकांत ते बसत नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. सोसायटीचं दप्तर किंवा क्लिनिकच्या पेशंटांची माहिती मशीनवर असेल तर हे लक्षात ठेवा.

काकांना हा फरक पटत नव्हता. मग बॅकअप तपासून झाल्यावर त्यांच्यासमोरच डी ला आधी क्विक फॉरमॅट केला. चार सेकंदांत झाला, ड्राइव्ह रिकामा दिसला. "झालं की!" काका म्हणाले. मी रेकुव्हा हा डिलीट झालेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवला. थोड्या वेळात फायलींची यादी सरसर वर चढायला लागली. एका नावावर क्लिक केलं आणि कडेच्या चौकटीत काका-काकू दिसले, हळदीचे, कपाळाला मुंडावळ्या. काका खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. नंतर खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावला. ५०० जीबीला दोन तास लागले. पुन्हा रेकुव्हा चालवला, काही सापडलं नाही. तुम्हीही रीसेट करण्याआधी अशी एकदा खात्री करून घ्या. मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज फाइल रिकव्हरी' हा फुकट प्रोग्रामही चालेल.

एसएसडीवर वरून लिहिण्याची युक्ती भरवशाची नाही. तिचे कप्पे सारखे झिजावेत म्हणून ती आतल्या आत जागा बदलत राहते, काही जागा राखीवही ठेवते. आपण 'सगळीकडे' लिहिलं असं आपल्याला वाटतं, पण एखादा तुकडा बाजूला राहू शकतो. तिथे वाट उलटी आहे : आधी कुलूप लावा, मग किल्ली नष्ट करा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर चालू करून फक्त वापरलेली जागा नव्हे तर पूर्ण ड्राइव्ह निवडा. विंडोज होम असेल आणि त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसत असेल तर ते चालू करा. काम पूर्ण होऊ द्या आणि मग 'क्लीन डेटा'सकट रीसेट. आत काही उरलंच तरी ते कुलपातलं, आणि किल्ली गेलेली. डेटाची डिस्क वेगळी एसएसडी असेल तर कंपनीचंच साधन वापरणं आणखी चांगलं. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, वेस्टर्न डिजिटलचं डॅशबोर्ड ह्यांत 'सिक्युअर इरेझ' किंवा 'सॅनिटाइझ' अशी सोय असते.

मशीन सुरूच होत नसेल तर

बंद पडलेलं मशीन म्हणजे बंद पडलेली डिस्क नव्हे. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. भंगारवाल्याच्या गाडीवर सीपीयू चढवण्याआधी बाजूचं झाकण उघडून डिस्क काढा, चार स्क्रू आणि दोन वायरी असतात. साध्या यूएसबी केबलच्या अडॅप्टरने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. चालली तर आधी बॅकअप, मग वरचा पूर्ण फॉरमॅट.

चाललीच नाही तर डिस्कला ड्रिलने आरपार तीन-चार भोकं पाडा, चकत्यांमधून जातील अशी. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण लॅपटॉपच्या लहान डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि त्यांचे बारीक तुकडे उडतात. एसएसडीत चकत्या नसतात, आतल्या काळ्या चिप फुटायला हव्यात, नुसतं कव्हर वाकवून काही होत नाही. जाळू नका, धूर विषारी असतो. बाकीचं मशीन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ई-कचरा रिसायकलरला द्या. सोसायटीत चार घरांचं मिळून दिलं तर ते सहसा न्यायलाही येतात.

मशीन दुरुस्तीला जाणार असेल तेव्हाही हाच विचार करा. चार्जिंगच्या पिनसाठी लॅपटॉप देताना आत लॉगिन पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी कशाला? शक्य असेल तर डिस्क काढून घेऊनच द्या. आणि कधी मशीनमधल्या माहितीचा वापर करून पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

मशीन घरीच राहणार असेल तर

रीसेटनंतर आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, प्रिंटरच्या मागे नंतर लागा. मराठी टायपिंगसाठी आता बाहेरचा प्रोग्राम लागत नाही. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज'मध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचा कीबोर्ड येत असेल तर तो आहेच, नसेल तर 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा, बोलतो तसं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. जुने फाँट बॅकअपमधून उचला, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' करा आणि एक जुनी फाइल उघडून बघा.

बॅकअपची डिस्क लगेच मोकळी करू नका. काकांना आठ दिवसांनी आठवलं की विजेच्या जुन्या तक्रारीचं पत्र डी मध्ये होतं, पंधराव्या दिवशी काकूंना भिशीचा हिशोब हवा झाला. दोन्ही त्या डिस्कवर सापडलं. पण आता त्या घराचं सगळं त्या एका डिस्कवर आहे, त्यामुळे तिची दुसरी प्रत मुलाकडे ठेवायला दिली आहे. मूळ डिस्क काकांनी गोदरेजच्या कपाटात, सिडकोच्या अलॉटमेंट लेटरच्या फायलीखाली ठेवली आहे, वर चिकटपट्टीवर तारीख लिहून.